आवाज आपल्या बांधाच्या आत



कांदा निवडणीचे फोटो टाकले तेव्हा चाळीत एक, गोठ्यात एक आणि ओट्यावर एक असे तीन रेडिओ दिसले. बऱ्याच जणांनी विचारलं, एवढे रेडिओ कशाला आणि तिन्हीवर एकच गोष्ट कशी काय चाललीय? उत्तर सोपं आहे. ते स्टेशन आमच्या ओसरीतच आहे. गाडीत लायटरच्या भोकात खोचतात बघा, मोबाईलमधलं गाणं गाडीच्या रेडिओवर ऐकवणारं बोटभर यंत्र, तेच बारा व्होल्टच्या बॅटरीला जोडलंय. मोबाईलचा आवाज ते ब्लूटूथनं घेतं आणि एफएमच्या पट्ट्यातल्या एका रिकाम्या जागेवर सोडतं. घराच्या आसपास जो रेडिओ त्या आकड्यावर लावाल, तो तेच बोलतो. पंचवीस-तीस पावलांवर चाळ आहे, तिथपर्यंत नीट येतं. त्यापुढं खरखर.

माझं मत आधीच सांगतो. असं यंत्र शेतकऱ्याच्या घरी असावं, पण ते दुबळंच असावं. ताकद कमी आहे हा त्याचा दोष नव्हे, तोच त्याचा गुण.

पहिला प्रश्न येतो, "आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, रेडिओ कोण ऐकतंय?" प्रत्येकाच्या खिशात नाही हो. आमच्या अण्णांना टच फोन वापरता येत नाही. बोटाला भेगा, स्क्रीनला बोट लागत नाही. निवडणीला येणाऱ्या मावश्यांपैकी निम्म्यांकडं साधा बटनाचा फोन, आणि ज्यांच्याकडं मोठा आहे त्यांचा रिचार्ज महिना संपायच्या आधी संपलेला. रेडिओला मात्र एक कान फिरवायचा आणि एक आवाजाचा. दोन पेन्सिल सेल टाकले की बरेच दिवस बघायला नको. एका मोबाईलचा डेटा खर्च होतो आणि दहा माणसं ऐकतात.

दुसरं म्हणजे कानातले बोळे. पोरं दिवसभर कानात घालून फिरतात. आमच्या जुन्नर भागात उसाच्या कडेनं काम करणाऱ्या माणसाचे कान मोकळे पाहिजेत. बिबट्या हॉर्न वाजवून येत नाही. मागं येणारा ट्रॅक्टर, कडबा कुट्टीचा बदललेला आवाज, गायीचं हंबरणं, कुणीतरी मारलेली हाक, हे सगळं ऐकू यायला हवं. रेडिओ मेढीला टांगलेला असला की तो बोलत राहतो आणि कान आपलेच राहतात.

"मग मोठा स्पीकर लाव की!" असंही म्हणतात. स्पीकर लावला की जवळच्याला ठणाणा आणि लांबच्याला अर्धवट, आणि शेजारच्या वस्तीला फुकटचा त्रास. ब्लूटूथचे दोन-तीन वेगवेगळे स्पीकर लावले तर एक पुढं, एक मागं, असा घुमारा येतो की शब्द कळत नाही. एफएमवर सगळे रेडिओ एकाच क्षणाला बोलतात, आणि ज्याला नको त्यानं आपला बंद करावा. एवढी सोय कर्ण्यात नाही.

आता ऐकतो काय? सकाळी बातम्या आणि हवामान, दुपारी कीर्तन नाहीतर जुनी गाणी, संध्याकाळी आकाशवाणीचा शेतीचा कार्यक्रम. पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झला मध्यम लहरींवर लागतं, पण घरात एलईडी दिवे, चार्जर, सोलरचा इन्व्हर्टर आल्यापासून मध्यम लहरींवर नुसती घरघर. तेच मोबाईलवर आकाशवाणीच्या ॲपमधून घेतलं आणि ओसरीतून सोडलं की अण्णांच्या जुन्या रेडिओवर स्वच्छ येतं.

आणि चारचौघांत ऐकण्याचं मोल वेगळंच. १९५६ साली पुण्याच्या आसपासच्या जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांत युनेस्कोच्या मदतीनं आकाशवाणीनं एक प्रयोग केला होता. गावातल्या मंडळींनी एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर बोलायचं, पटलं तर करून बघायचं, आणि शंका असली तर केंद्राला कळवायची. त्यातूनच पुढं देशभर रेडिओ शेतकरी मंडळं निघाली. त्यात यंत्रापेक्षा बैठक मोठी होती. फुलकिड्यावरची फवारणी कानात बोळा घालून एकट्यानं ऐकली तर ती दुसऱ्या कानातून बाहेर जाते. चाळीत सगळ्यांनी ऐकली की लगेच एखादी मावशी म्हणते, "आमच्याकडं हे मारलं होतं, काय बी फरक नाही." तिथून खरी चर्चा सुरू होते. मोबाईलनं ऐकणं एकट्याचं करून टाकलं. हे बोटभर यंत्र ते परत चौघांचं करतं, म्हणून मला ते आवडतं.

इथवर बऱ्याच जणांना पटेल. पुढचं काहींना पटणार नाही.

आमच्याच भावकीतला एक पोरगा म्हणाला, "दादा, ऑनलाईन किट मिळतंय. वर गच्चीवर एरियल टाकू, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल. आपलं गावचं एफएम!" त्याची हौस मला कळते. तरी मी नको म्हणालो, त्याची कारणं तुम्हालाही सांगतो.

एक तर, लहरीला बांध दिसत नाही. रानातलं पाणी आपण दारं मोडून आपल्या वाफ्यात घेतो. लहर चहूकडं जाते. मोकळ्या जागेत दुप्पट अंतर गाठायचं तर चौपट ताकद लागते, आणि ती चौपट ताकद शेजाऱ्याच्या घरातही घुसते. एफएमचा स्वभाव असा की एकाच आकड्यावर दोन स्टेशनं आली तर रेडिओ जास्त जोराचं पकडतो आणि दुसऱ्याला गिळून टाकतो. म्हणून तर आपलं इवलंसं यंत्र आपल्या घरात चालतं. पण ताकद वाढवली की शेजारची म्हातारी जे ऐकत बसलीय तेच तिच्या रेडिओवरून पुसलं जाणार, आणि का गेलं ते तिला कळणारही नाही. बांध कोरणाऱ्याला आपण नावं ठेवतो. हे त्याहून वेगळं नाही, फक्त नांगराचा फाळ दिसत नाही.

दुसरं, स्वस्त किट जिथं सांगतो तिथंच बोलत नाही. एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि तिथूनच विमानांचा पट्टा सुरू होतो. दिशादर्शक यंत्रणा आधी, मग वैमानिकाचं बोलणं. गाळणी नसलेल्या किटमधून आजूबाजूलाही सांडलवंड होते. काही मिलीवॅटची सांडलवंड अंगणात जिरते. गच्चीवरच्या एरियलातून काही वॅटची गेली तर ती कुठं जाईल हे आपल्या हातात नाही.

तिसरं, कायदा. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आकाशातल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तो निकाल देणाऱ्यांत आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. सार्वजनिक म्हणजे सरकारच्या एकट्याच्या नाहीत, हे खरं. पण माझ्या एकट्याच्याही नाहीत. २००६ साली बिहारमध्ये वैशाली जिल्ह्यात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका तरुणानं दुकानातून गावासाठी एफएम चालवलं होतं. लोकांचं लाडकं होतं, पण परवाना नाही म्हणून ते बंद करायला लावलं. त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्रानं सामुदायिक रेडिओचं धोरण मोठं केलं आणि ना-नफा संस्थांना, कृषी विज्ञान केंद्रांना दार उघडलं. एकट्यादुकट्या माणसाला मात्र अजून ते दार नाही.

माझी तक्रार सरकारशीही आहे. त्याच २००६ च्या डिसेंबरात ब्रिटननं घरगुती एफएम यंत्राला मोकळीक दिली आणि मर्यादा ठरवली ५० नॅनोवॅट. म्हणजे एका वॅटचे दोन कोटी भाग केले तर त्यातला एक. अमेरिकेत तीन मीटरवर लहर किती जोराची चालेल त्याचा आकडा नियमात आहे, २५० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर. आकडा समोर असला की बनवणारा, विकणारा आणि वापरणारा, तिघांनाही आपला बांध कुठं ते कळतं. मी आणलेल्या खोक्यावर ताकदीचा आकडा नाही, मान्यतेचा क्रमांक नाही, मराठी तर नाहीच. दुकानदाराला विचारलं तर म्हणतो, "चालतंय की, सगळे नेतात." खताच्या गोणीवर नत्र-स्फुरद-पालाश छापायला लावता, तसं या खोक्यावरही साध्या भाषेत छापायला लावा. एवढ्या ताकदीपर्यंत चालेल, याच्यापुढं परवाना. एवढं सांगितलं तर साधा माणूस नियम पाळतो. माहीत नसलेला नियम कोण कसा पाळणार?

तोवर आम्ही घरी जे पाळतो ते सांगतो.

यंत्र जसं आलं तसंच वापरायचं. एरियल जोडायचं नाही, वाढवायचं नाही.

जागा निवडताना दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा रेडिओ फिरवून बघायचा. जिथं कुणीच बोलत नाही तीच जागा घ्यायची. १०८ च्या अगदी टोकाला जायचं नाही.

बसवल्यावर रेडिओ हातात घेऊन बांधावर चालत जायचं. बांधाच्या अलीकडं आवाज विरला पाहिजे. पलीकडं स्वच्छ येत असेल तर यंत्र घराच्या आतल्या अंगाला सरकवायचं. पत्र्याचं शेड लहर अडवतं, त्याचा इथं उपयोगच होतो.

मोबाईलचा आवाज पूर्ण चढवायचा नाही. चढवला की घसा बसल्यासारखं येतं आणि शेजारच्या आकड्यांवरही सांडतं.

आणि महत्त्वाचं, मोबाईल ब्लूटूथनं जोडलेला असताना फोन आला तर समोरच्याचं बोलणंही सगळ्या रेडिओंवर जातं. आडत्याचा हिशेब नाहीतर सोयरिकीची बोलणी साऱ्या चाळीला ऐकवायची नसतील तर त्या कामाला जुना, सिम नसलेला फोन ठेवा.

राहिली गावाला ऐकवायची हौस. ती वाईट नाही, तिचा रस्ता वेगळा आहे. म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे, बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राची शारदा कृषी वाहिनी आहे. परवाना घेऊन, साधारण १०० वॅटच्या मर्यादेत, आपल्या बोलीत, आपल्या पिकांवर बोलतात. आपल्या तालुक्यातलं केंद्र, कॉलेज किंवा संस्था पुढं येत असेल तर कार्यक्रमाला माणूस आणि विषय आपण देऊ. भावकीतल्या त्या पोराला मी तेच सांगितलंय. किटचे पैसे वाचव, आवाज रेकॉर्ड करायला शीक. म्हाताऱ्या माणसांकडं बी-बियाण्याच्या, जुन्या पावसाच्या एवढ्या गोष्टी आहेत, त्या आधी जमव. स्टेशन मिळेल तेव्हा मिळेल. तोवर चाळीतल्या रेडिओवर त्या ऐकायला दहा माणसं तयार आहेत.

तुमच्याकडं घरात, गोठ्यात, पॅकहाऊसमध्ये कोण काय ऐकतं ते लिहा. आणि कुणाला खोक्यावर ताकदीचा आकडा छापलेलं यंत्र मिळालं असेल तर त्याचा फोटो जरूर पाठवा.