खेळणाऱ्याला कोणाच्या जागी बसवावे?

कोलकात्याच्या छायाचित्रकार लीना केजरीवाल यांनी सन २०१४ मध्ये ‘मिसिंग’ या नावाचा एक कलाप्रकल्प सुरू केला. लोखंडी पत्र्यातून कापलेल्या, संपूर्ण काळ्या रंगाच्या मुलींच्या आकृती मोकळ्या आकाशासमोर उभ्या करावयाच्या, एवढीच त्याची मांडणी होती. दुरून पाहणाऱ्यास वाटावे की, आकाशालाच मुलीच्या आकाराचे भोक पडले आहे. पुढे तीच आकृती शहरांतील भिंतींवरही उमटू लागली. देहविक्रयासाठी ज्या मुली फसवून वा पळवून नेल्या जातात, त्यांच्याकडे समाजाचे लक्ष वेधावे, हा त्यामागील हेतू. परंतु भिंतीवरील चित्रासमोर रस्त्याने जाणारा माणूस थांबून थांबणार किती वेळ? सन २०१६ मध्ये हाच विषय व्हिडिओ गेमच्या रूपाने लोकांपुढे आला. तो घडविण्याचे काम कोलकात्याच्याच फ्लाइंग रोबोट स्टुडिओज या संस्थेने केले.

असल्या विषयाचा ‘खेळ’ करावा, ही कल्पनाच कित्येक वाचकांना रुचणार नाही. हा संकोच समजण्याजोगा आहे. तथापि खेळ म्हणजे केवळ करमणूक, हे समीकरण व्हिडिओ गेमच्या बाबतीत आता पुरे पडत नाही. कादंबरी जशी गमतीची असते तशी जिवाला चटका लावणारीही असते. खेळाचेही तसेच आहे. प्रश्न एवढाच की, तो रचणाऱ्याने कोणते निर्णय घेतले.

यातील पहिला निर्णय म्हणजे खेळणाऱ्याला कोणाच्या जागी बसवावयाचे. या कथेत एखादा शूर पोलीस अधिकारी घालणे फार सोपे होते. त्याने गुंडांना लोळवावे, मुलीला सोडवावे आणि खेळणाऱ्याने समाधानाने निजावे! चित्रपटांनी ही वाट गुळगुळीत करून ठेवलेलीच आहे. ‘मिसिंग’च्या कर्त्यांनी ती नाकारली. येथे खेळणारा असतो ती हरवलेली मुलगीच. तिच्यापाशी शस्त्र नाही, सामर्थ्य नाही. कोणाशी काय बोलावे, कोणता धोका पत्करावा, केव्हा गप्प राहावे, एवढेच तिच्या हाती असते आणि त्यातूनच सुटकेची वाट शोधावयाची असते.

या एका निर्णयाने केवढा फरक पडतो पाहा. अशा मुलींविषयी बोलताना ‘ती पळून का आली नाही?’ असे आपण किती सहज विचारतो! कादंबरी वाचतानाही हा प्रश्न मनात येतो, कारण निवड नायिकेची असते, आपली नसते. खेळात मात्र निवड आपलीच असते. दार उघडे दिसले तरी बाहेर कोण उभे आहे हे ठाऊक नसते, आणि जो धीराचे दोन शब्द बोलतो त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही हेही कळत नाही. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर देण्याची पाळी येते. बंगालात या गोष्टीला विशेष अर्थ आहे. सन २००९ च्या मे महिन्यात आयला वादळाने सुंदरबनातील गावे उद्ध्वस्त केली, शेतांत खारे पाणी शिरले. आणि त्यानंतर नोकरीचे वा लग्नाचे आमिष दाखवून मुलींना दूरच्या शहरांत नेणारे दलाल तेथे फिरू लागले. त्या मुली घरातून निघाल्या तेव्हा त्यांना कोणी ओढून नेले नव्हते. त्या विश्वासाने गेल्या होत्या.

दुसरा निर्णय यंत्राविषयीचा. हा खेळ मोबाईल फोनसाठी काढण्यात आला. दूरचित्रवाणी संचाला जोडावयाचे जे स्वतंत्र खेळयंत्र असते, ज्याला कन्सोल म्हणतात, ते आपल्याकडे किती घरांत आहे? सोनी कंपनीचा प्लेस्टेशन ५ सन २०२१ च्या फेब्रुवारीत भारतात आला तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. ज्या घरांतील मुलींना या खेळाची खरी गरज, त्या घरांत हे यंत्र पोहोचावयाचे कसे?

यंत्र कोणासाठी करावयाचे, हा विचार मोठ्या कंपन्यांनाही चुकलेला नाही. सन १९८९ मध्ये जपानच्या निन्टेन्डोने हातात मावणारा गेम बॉय काढला, तेव्हा रंगीत पडदा करणे अशक्य नव्हते. गुनपेई योकोई या त्यांच्या अभियंत्याने मुद्दामच जुना, स्वस्त, बिनरंगी पडदा निवडला. त्यामुळे किंमत आवाक्यात राहिली आणि चार साध्या सेलांवर मूल कित्येक तास खेळू शकले. रंगीत पडद्याचे प्रतिस्पर्धी यंत्र सहा सेल भराभर खाई. ते मागे पडले.

आपल्याकडील नमुना याहून विचित्र आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने ‘राजी’ हा सुंदर खेळ केला. भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ती कथा, भारतीय चित्रकलेच्या आणि पुराणांच्या वातावरणात रंगलेली. सन २०२० च्या ऑगस्टमध्ये तो सर्वप्रथम आला तो निन्टेन्डो स्विच या कन्सोलवर, आणि हे यंत्र कंपनीने भारतात तेव्हा अधिकृतपणे विक्रीस ठेवलेच नव्हते! पुण्यात घडलेला खेळ पुण्यातील मुलांच्या आधी परदेशातील मुलांनी खेळावा, यात कर्त्यांचा दोष नाही. पैसे देऊन खेळ घेणारा ग्राहक तिकडे आहे.

म्हणून फोन सर्वस्वी चांगला आणि कन्सोल श्रीमंतांचा, असेही समजू नये. कन्सोलवरील खेळ पुष्कळदा एकदाच पैसे मोजून घेतला जातो. सांगावयाचे ते सांगून तो संपतो. फोनवरील ‘फुकट’ खेळ पुष्कळदा संपतच नाही. थांबावयास लावणे, थांबावयाचे नसेल तर पैसे मागणे, रोज हजेरीचे बक्षीस देणे, हेही रचनेचेच निर्णय. फक्त ते मुलाच्या हितासाठी घेतलेले नसतात. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना संसदेने सन २०२५ मध्ये कायद्याने बंदी केली हे योग्यच झाले, परंतु या बारीक युक्त्या पैजेच्या खेळांपुरत्या नाहीत. ‘मिसिंग’ला याच गजबजलेल्या बाजारात जागा शोधावी लागली.

कन्सोलचे भवितव्य काय, असे मुलांचे वडील हल्ली विचारतात. यंत्रच नको, खेळ दूरच्या संगणकावर चालावा आणि घरी केवळ चित्र यावे, असा प्रयोग गूगलने सन २०१९ मध्ये स्टेडिया या नावाने केला. तो जानेवारी २०२३ मध्ये बंद पडला. कंपनीने खेळांचे पैसे परत केले खरे, पण खेळ गेले ते गेलेच. प्लेस्टेशन ५ चीही तबकडीविना चालणारी एक आवृत्ती पहिल्यापासून आहे. ती दहा हजार रुपयांनी स्वस्त होती. मात्र तीत खेळ शेजारच्या मुलाला उसना देता येत नाही, की खेळून झाल्यावर विकता येत नाही. दोन-तीन घरांनी मिळून तबकड्या फिरवावयाच्या असतील, तर घेतानाच तबकडीची सोय असलेले यंत्र मागून घ्यावे.