नव्या मित्राला आधी पर्वतीवर न्या

पुण्यात नुकतंच राहायला आलेलं कुणी ना कुणी तुमच्या ओळखीत असेलच. ऑफिसात, वसतिगृहात, शेजारच्या फ्लॅटमध्ये. 'एकदा तुला पुणं दाखवायचंय' असं आपण त्यांना सांगतोही. माझी विनंती एवढीच की तो रविवार खरोखर काढा आणि त्यांना आधी पर्वतीवर न्या. शनिवारवाडा, दगडूशेठ, लक्ष्मी रस्ता हे सगळं नंतर.

मी स्वतः हे उलटं केलं होतं. पंढरपूरहून बदली होऊन आलेल्या मैत्रिणीला पहिल्याच रविवारी गाडीत बसवलं आणि दिवसभरात सात ठिकाणं दाखवली. संध्याकाळी चहा घेताना ती म्हणाली, "सगळं छान होतं गं, पण नदी कुठंय?" त्या दिवशी आम्ही मुठा चार वेळा ओलांडली होती! भीमेच्या काठी वाढलेल्या बाईला मी दिवसभर पूल ओलांडायला लावले आणि नदी दाखवलीच नाही, याचं मला फार वाईट वाटलं. पुढच्या रविवारी आम्ही पर्वती चढलो.

पायऱ्या १०३ आहेत. दगडी, रुंद आणि थोड्या उतरत्या, त्यामुळे एकेका पायरीवर दोन-दोन पावलं पडतात. हत्तींना चढता यावं म्हणून त्या अशा बांधल्या, असं जुनी माणसं सांगतात. रामवाडीकडून किंवा पिंपरीकडून येणाऱ्याला आता स्वारगेटपर्यंत मेट्रो आहे, तिथून पायथा जवळच. सकाळी लवकर जा. त्या वेळी रोज चढ-उतार करणारी मंडळी भेटतात. कुणी मनात फेऱ्या मोजत असतं, कुणी कठड्याला धरून दम खात असतं. तुमच्या पाहुण्याला दम लागला तर थांबा, घाई करू नका. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात आणि उन्हाळ्यात धुरक्यामुळे लांबचं दिसत नाही. दसऱ्यानंतरचे दिवस सगळ्यात चांगले.

वर पोचल्यावर लगेच इमारती ओळखत बसू नका. आधी डोंगर दाखवा. नैऋत्येला सिंहगड, त्यावरचा टॉवर कुणालाही सापडतो. वायव्येला वेताळ टेकडी. दक्षिणेला, अगदी लागून, तळजाईचं पठार. एवढं कळलं की माणूस या शहरात सहसा हरवत नाही.

मग पाणी. सिंहगडाच्या बाजूला खडकवासला, तिथून मुठा शहरात येते. इमारतींच्या गर्दीत पात्र धड दिसत नाही, झाडांच्या रेघेवरून बोटाने दाखवावं लागतं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली आणि नदीकाठच्या पेठांमधले वाडे कोसळले. घरं गेलेल्यांसाठी मग नव्या वसाहती झाल्या; पर्वतीच्या पायथ्याचं सहकारनगर त्यांतलंच. तुमच्या घरात कुणी तो पूर पाहिलेलं असेल तर त्यांनाही सोबत न्या. ते जे सांगतील ते आपल्याला सांगता येणार नाही.

हीच मुठा संगमावर मुळेला मिळते, पुढे मुळा-मुठा भीमेला, भीमा उजनीत आणि मग पंढरपुरी चंद्रभागा. हे सांगितल्यावर मैत्रीण गप्पच झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणजे तुम्ही इथे जे सोडता, त्यात आम्ही तिकडे आंघोळ करतो." मला उत्तर देता आलं नाही. पण असं काही ऐकावं लागेल म्हणून नदीचा विषय टाळू नका.

वरच्या देवदेवेश्वराचं मंदिर नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधवलं. पानिपताच्या धक्क्यानंतर १७६१ च्या जूनमध्ये त्यांनी प्राण सोडला तोही इथेच. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावाने ज्या खिडकीतून पाहिली असं सांगतात, तीही दाखवा. याच पर्वतीवर १९२९ मध्ये अस्पृश्य मानलेल्या माणसांना देवदर्शन मिळावं म्हणून सत्याग्रह झाला. पां. ना. राजभोज, एस. एम. जोशी त्यात होते. सत्याग्रहींवर दगडफेक झाली. पेशव्यांबद्दल आपण भरभरून बोलतो आणि हे मात्र राहून जातं. सांगा. पायऱ्या चढताना सांगितलंत तर अधिक बरं.

डोंगराच्या उतारावर जनता वसाहत दिसते, पत्र्याला पत्रा लागलेली. पाहुण्याला तिथून पुढे ओढू नका. शहराची कामं करणारी कितीतरी माणसं तिथून रोज सकाळी खाली उतरतात, हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी कळलेलं चांगलं.

बाकीच्या जागा पुढच्या रविवारांसाठी ठेवा. दगडूशेठच्या दर्शनाला गेलात तर समोर वळून भिडेवाड्याची जागा दाखवा, १८४८ मध्ये फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली ती जागा. पाताळेश्वराला दुपारी जा, खडकात कोरलेलं ते देऊळ आतून गार असतं. एका दिवशी दोनच ठिकाणं, तिसरं नको.

आणि पर्वतीवरून उतरण्याआधी पाहुण्याला स्वतःचं घर शोधायला सांगा. तुम्हाला दिसलं तरी बोट दाखवू नका. माझ्या मैत्रिणीने आधी सिंहगड धरला, मग सिंहगड रस्ता, मग धायरीच्या बाजूची एक निळी पाण्याची टाकी. तिला दहा मिनिटं लागली. मी कठड्यावर बसून होते.