आखूड नखांची चंद्रकोर

गेल्या वैशाखात माझ्या भाचीचा साखरपुडा झाला. पंधरा दिवस आधी ती आमच्याकडे राहायला आली, ती हात ओढणीआड लपवूनच. "मावशी, अंगठी घालताना सगळ्यांचे डोळे माझ्या बोटांवर असणार, आणि नखे ही अशी!" नखे कुरतडण्याची तिची सवय लहानपणापासूनची. खोटी नखे चिकटवून घ्यायची, असा तिचा बेत होता. मी म्हटले, "अग, उसनी नखे कशाला? आहेत तीच सजवू."

मैत्रिणींनो, फ्रेंच मॅनिक्युअर म्हणजे फिकट गुलाबी नख आणि टोकाला पांढरी किनार. नाव फ्रेंच असले, तरी त्याचा जन्म अमेरिकेतला. १९७० नंतरच्या दशकात हॉलिवूडच्या नट्यांना पोशाखागणिक नखांचा रंग बदलावा लागे आणि त्यात फार वेळ जाई. म्हणून जेफ पिंक या गृहस्थांनी कोणत्याही कपड्यांवर शोभेल असा हा प्रकार काढला. पुढे पॅरिसच्या फॅशनवाल्यांना तो आवडला आणि फ्रेंच हे नाव चिकटले.

भाचीला मी एकच पथ्य सांगितले: पंधरा दिवस नखाला दात लावायचा नाही. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, म्हणजे पंधरा दिवसांत दीड. एवढे भांडवल पुष्कळ झाले.

आदल्या दिवशी दुपारी आम्ही बसलो. हात कोरडे हवेत, हे आधी लक्षात ठेवा. भांडी घासून उठल्या उठल्या रंगवायला बसू नये. पाण्याने नख किंचित फुगते, मग आकसते आणि रंग सुटतो. कानशीने एकाच दिशेने घासून टोकाला सौम्य गोलाई दिली. मुळाशी असलेली पातळ कातडी कापली नाही. ती जंतूंना अडवते. तेल लावून ती हलकेच मागे सारली आणि रिमूव्हरच्या बोळ्याने नख पुसून घेतले. मग तळाचा पारदर्शक लेप, तो वाळल्यावर फिकट गुलाबीचे दोन पातळ हात.

आता पांढरी किनार. खरी मेख इथेच आहे. लांब नखाची रुंद पट्टी आखूड नखावर ओढली, तर नख आणखी बसके दिसते. म्हणून रेघ मिलिमीटरभराहून बारीक हवी, आणि तीही चुनखडीसारखी पांढरीफेक नको, दुधाळ हवी. बारीक कुंचला एका जागी धरून बोटच हळूहळू फिरवावे. रेघ आपोआप चंद्रकोरीसारखी वळते. चुकले तर रिमूव्हरमध्ये बुडवलेल्या काडीने पुसावे. शेवटी चकाकीचा लेप.

उजव्या हाताच्या अंगठ्यापाशी आलो, तेव्हा भाची रडवेली झाली. आठव्या दिवशी फोनवर बोलता बोलता तिने तो कुरतडला होता! वाढलेले नख मुळी नव्हतेच. मी गुलाबी नखाच्याच कडेवर दोऱ्याएवढी रेघ ओढली. वाळल्यावर दहा बोटे समोर धरून ती शोधत राहिली, बिघडलेला अंगठा कोणता!

दुसऱ्या दिवशी अंगठीच्या वेळी तिने हात आपणहून पुढे केला. एवढ्या वर्षांत प्रथमच. पुढे महिन्याभराने तिचे पत्र नव्हे, छायाचित्र आले: रंग केव्हाच निघून गेलेला, पण नखे जागच्या जागी!

या दिवाळीत करून पाहणार असाल, तर एक सांगते. हळदीचा पिवळेपणा पांढऱ्या किनारीवर लगेच दिसतो. तेव्हा चकल्या आधी, चंद्रकोरी मागाहून!