घरचा पिनबॉल : तयार खेळणं नको, फळी द्या!



सुट्टी लागली की ‘पोरं मोबाईल सोडत नाहीत’ ही तक्रार नांदेडला ऐका की लातूरला, सारखीच. माझं मत असं की मोबाईल काढून घ्यायचा तर हाताला दुसरं काम द्यावं लागतं. एक फळी, मूठभर खिळे, दोन-चार रबर आणि एक गोटी एवढ्यात घरच्या घरी पिनबॉल तयार होतो.

आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी खिळ्यांच्या फळीवरचा बॅगाटेल खेळला असेल. पिनबॉल हे त्याचंच पुढचं रूप. १८७१ मध्ये अमेरिकेत माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी गोळी ढकलणाऱ्या स्प्रिंगच्या दांड्यासह सुधारित बॅगाटेलचं पेटंट घेतलं. गोळी परत वर मारणारे फ्लिपर १९४७ मध्ये आले.

मांडणी अशी करा :

१) साधारण ६० सेमी लांबीची फळी घ्या, कडेला पट्ट्या लावा. वरच्या बाजूला सुमारे ७ सेमी उंची द्या. मोठ्या यंत्रांचा उतार साधारण साडेसहा अंशांचा असतो, तोच इथे मिळतो.

२) दोन खिळ्यांमध्ये गोटी आरामात जाईल एवढं अंतर ठेवा. खिळे ठोकताना मोठ्यांनी शेजारी बसावं. लहानग्यांसाठी जाड पुठ्ठा बरा.

३) उजव्या कडेला गोटीसाठी वाट ठेवा आणि रबर ताणून ढकलणी करा. खाली आईस्क्रीमच्या दोन काड्या एकेका खिळ्यावर फिरत्या ठेवा, हे झाले फ्लिपर.

४) सजावट मुलांवर सोडा. लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर करत गोटी नांदेडहून लातूरला न्यायची, असाही खेळ होतो. कोणत्या गावाला किती गुण, ते मुलंच ठरवतील.

खरं शिकणं इथून पुढे सुरू होतं. गोटी अडकते, फार वेगाने येते किंवा शंभराच्या घरात कधी जातच नाही. मग उतार कमी करायचा की खिळा सरकवायचा? एका वेळी एकच बदल करा, पन्नास वेळा गोटी सोडा, ताळ्याच्या खुणांनी नोंद करा. कोन, मापन, बेरीज, नोंद, शक्यता सगळं हातून जातं. मोबाईलमधल्या पिनबॉलमध्ये हे होत नाही. तिथला उतार आणि नियम दुसऱ्यानेच ठरवलेले असतात.

‘लातूर पॅटर्न’च्या या भागात पालक हमखास विचारतात, ‘सर, याचे मार्क किती?’ प्रश्न चुकीचा नाही, फी भरताना घाम गाळावा लागतो. पण पुढे ज्या परीक्षेसाठी आपण धडपडतो, तिथेही न पाहिलेल्या प्रश्नाशी झुंजावंच लागतं. उत्तर चुकलं की कारण शोधायचं, ही सवय प्राथमिक वयातच लागते. पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. महागडी प्रयोगशाळा नसली म्हणून आपलं अडू नये.

एक विनंती मात्र कळकळीची. दुकानातून तयार ‘प्रोजेक्ट’ आणू नका आणि रात्री जागून स्वतः फळी पूर्ण करू नका. आपल्याला वाकडा खिळा दिसला की हात शिवशिवतो, तरी थांबा. शिक्षकांनीही सुबक फळीला जास्त गुण देण्यापेक्षा ‘तू काय बदललंस आणि का?’ एवढं विचारावं. ज्याला सांगता आलं, त्याची फळी पूर्ण झाली.