जुन्या गाडीचे स्टिअरिंग आणि काटकसरीची मर्यादा

गेल्या उसाच्या हंगामात पुतण्या आपली दोन आसनी सॅन स्टॉर्म घेऊन हातकणंगलेहून बाहुबलीला गेला होता. परतताना समोरून उसाची ट्रॉली आली. त्याने गाडी डावीकडे घेतली, परंतु चाके वळली ती क्षणभर उशिरा. घरी येऊन तो म्हणाला, "काका, स्टिअरिंगमध्ये प्ले आला आहे. हंगाम संपला की बघू." मी म्हणालो, "तोवर गाडी दारातच उभी राहील."

फायबरग्लासची बॉडी आणि रेनॉचे १.२ लिटर इंजिन असलेली ही हौशी गाडी १९९८ च्या सुमारास आली. अशा गाडीचे सुटे भाग तिच्या नावाने सहसा मिळत नाहीत. गॅरेजमध्ये सल्ला मिळाला, "सगळा रॅकच बदला." खर्चाचा आकडा ऐकून पुतण्याचा चेहरा उतरला. व्यापारात आपण तपासल्याविना माल उचलत नाही. तोच नियम येथे लावायचे आम्ही ठरवले.

तपासणी सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद ठेवावे. एकाने स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवावे. दुसऱ्याने बाहेरून, हात आत न घालता, प्रत्येक सांधा पाहावा. ज्या सांध्याची एक बाजू हलते पण दुसरी मागे राहते, तेथे झीज आहे. नंतर पुढचे चाक उचलून, गाडी पक्क्या स्टँडवर टेकवून, चाक दोन्ही बाजूंनी आडवे धरून हलवावे; बहुधा टाय रॉडच्या टोकांचा ढिलेपणा कळतो. वर-खाली धरून हलवल्यास बॉल जॉइंट किंवा बेअरिंगचा दोष दिसतो.

आमच्या गाडीत एक टाय रॉड एंड झिजला होता, रॅक बसवण्याचे रबरी बुश पिचले होते आणि दोन्ही रबरी बूट फाटले होते. रॅकचे दात मात्र शाबूत होते. दात झिजतात ते सहसा मध्यभागी, कारण गाडी सर्वाधिक काळ सरळच धावते. तो ढिलेपणा स्क्रू आवळून घालवू गेल्यास वळणाच्या टोकाला स्टिअरिंग अडकते. तशी झीज असेल, तर रॅक दुरुस्त करून घेणे किंवा बदलणे हाच मार्ग होय.

भाग शोधताना गाडीच्या नावापेक्षा मापावर भर द्यावा. स्पोर्ट्स गाड्या अनेकदा साध्या गाड्यांचेच भाग वापरतात. १९६२ ची ट्रायम्फ स्पिटफायर ही १९५९ च्या हेराल्डच्या पुढच्या सस्पेन्शनवर आणि स्टिअरिंगवर उभी होती. तीच हेराल्ड पुढे मद्रासला स्टँडर्ड हेराल्ड म्हणून बनू लागली. म्हणून जुना भाग सोबत न्यावा. पिनेचा उतार, आटे, आट्यांची दिशा आणि लांबी जुळवावी. दुसऱ्या गाडीचा रॅक लांबीला थोडा वेगळा असला, तरी खड्ड्यातून जाताना चाके आपोआप वळू लागतात.

आमच्या भागात लेथ आणि कारागीर यांची वाण नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत हवे ते घडवून मिळेल, असा आपला विश्वास आहे. स्टिअरिंग कॉलमचा साधा बुश तेथे जरूर करून घ्यावा. परंतु टाय रॉड, त्याचा एंड किंवा बॉल जॉइंटची पिन लेथवर घडवू नये, वेल्डिंगने जोडू नये, पत्रा घालून घट्ट करू नये. हे भाग घण मारून घडवलेल्या आणि योग्य तापमानाला पाणी दिलेल्या पोलादाचे असतात. वेल्डिंगने तो गुण जातो, आणि तुटताना ते सूचना देत नाहीत.

जुना एंड काढताना किती फेऱ्या फिरवल्या ते मोजून ठेवावे आणि नवा तेवढ्याच फेऱ्या बसवावा. स्प्लिट पिन नेहमी नवी घालावी. शेवटी व्हील अलाइनमेंट करून घ्यावे. ते वाचवल्यास टायर अकाली झिजतात आणि वाचलेला पैसा दुप्पट जातो.

पूर्ण रॅक न बदलता आमचे काम निभावले. पुतण्याने वाचलेल्या पैशांत काय घ्यावे, असे विचारले. दुसऱ्या बाजूचाही टाय रॉड एंड बदलून घे, असे मी सुचवले. तोही तेवढीच वर्षे धावला होता.