पुढाऱ्याचा डबा भीमनगरात नको



निवडणुकीचा वास आला की वस्तीत काहीतरी येतं. एकदा बोअर आला, पुढाऱ्याच्या नावाचा दगड लावून. मग हायमास्ट आला; सहा महिने जळला, आता त्याच्यावर कावळे बसतात. मग समाजमंदिराला फरशी आली. आता वाय-फाय येणार म्हणे. "तुम्ही पोरं कशाला वर्गणी मागत हिंडता? मी मोठा डबा बसवतो, सगळ्या वस्तीला फुकट, जन्मभर." कुणाच्या जन्मभर, हे विचारायला एक माणूस उठला नाही. उलट टाळ्या वाजल्या. आपल्याच लोकांच्या टाळ्या. म्हणून हे लिहितो आहे.

भीमनगरात वाय-फाय आहे, दोन वर्षं झाली. ते कुणा मायबापानं दिलेलं नाही. एक्केचाळीस घरांनी महिन्याला वीस-वीस रुपये द्यायचे ठरवलं, केबलवाल्याची लाइन घेतली, मी लॅमिंग्टन रोडवरनं जुने राउटर आणले, पोरांनी विहाराच्या स्लॅबवर पाइप रोवून डबा टांगला. ज्याच्याकडं वीस रुपये नाहीत त्याचाही फोन चालतो. कोयता घेऊन कारखान्यावर गेलेल्या घरांकडनं तर आम्ही मागतच नाही. तूट पडली की आम्ही कामावरली पोरं भरतो. गोदीत ठेकेदाराच्या हाताखाली राबून आणलेला पैसा आहे तो, पुढाऱ्याच्या टक्केवारीतला नव्हे.

आणि चालवणं म्हणजे काय, ते टाळ्या पिटणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं. आपली घरं पत्र्याची. पत्र्याला लहर आपटते आणि माघारी फिरते. ५ गिगाहर्ट्झ वेगानं धावते, पण भिंत आली की मरते; २.४ हळू चालते, पण दोन घरं पुढं तरी जाते. म्हणून एकाच्या जागी तीन डबे लावावे लागले. उन्हाळ्यात डबा इतका तापतो की आपोआप बंद पडतो, तर त्याला मडक्याच्या खापरीची सावली केली. लाइट गेली तर बारा व्होल्टची बॅटरी. ढग गडगडले की पोरानं पळत जाऊन वायर उपसायची. माकडं वायर खातात, पावसात जोडात पाणी शिरतं, आणि रात्री नऊला कुणीतरी पिच्चर लावतो की सगळ्या वस्तीचं नेट मेलं. मग प्रत्येक फोनला मर्यादा घालायची आणि त्याच्या शिव्या खायच्या. हे सगळं बारावीतली एक पोरगी आणि चार पोरं सांभाळतात. त्या पोरीला राउटरच्या पोटातलं माझ्याहून जास्त कळतं. वर्गणीची वहीही तिच्याकडंच.

"पोरं बिघडली, नुसते रील बघतात," असं आपलेच म्हातारे म्हणतात. बघतात, खोटं कशाला बोलू? पण वरच्या गावातली पोरं काय ग्रंथ वाचतात? त्यांची लाइन काढा असं कुणी म्हणतं का? आमच्या पोरांनी देवळाच्या भिंतीला पाठ लावून वरच्या आळीचा पासवर्ड मागावा, ते ठीक. स्वतःच्या विहारात मांडी घालून नेट वापरलं की बिघडली! पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, पोलीस भरतीचा फॉर्म नेटवर. २०२३ च्या १ जानेवारीपासून रोजगार हमीची हजेरीसुद्धा मोबाइलवर फोटो काढून. २०२५ च्या सप्टेंबरात लाडक्या बहिणींना ई-केवायसी करा म्हणाले, तेव्हा सेंटरवाले माणशी पैसे उकळत होते आणि आमच्या आयाबाया विहाराच्या पायरीवर बसून ओटीपीची वाट बघत होत्या. सरकारनं सगळी दारं नेटच्या आत नेऊन ठेवली आणि आम्हाला म्हणतात, आत जाऊ नका, बिघडाल.

गोदीत जहाज लागलं की खलाशी जेवण विचारत नाही, वाय-फाय विचारतो. महिनोन् महिने घरच्यांचं तोंड बघितलेलं नसतं. त्यांनी भांडून मिळवलं: सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय करारात दुरुस्ती झाली, आणि २०२४ च्या २३ डिसेंबरपासून जहाजावर नेटची सोय करणं हे मालकांवर आलं. भर समुद्रातल्या माणसाला हक्क आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या पत्र्याखालच्या माणसाला मात्र मेहेरबानी!

हवेवर कुणा पाटलाचा सातबारा नाही. २.४ गिगाहर्ट्झची पट्टी सरकारनं २००५ सालीच परवान्यातून मोकळी केली, ५ गिगाहर्ट्झला २०१८ साली घराबाहेरही मोकळीक दिली. २०२० च्या ९ डिसेंबरला केंद्राच्या मंत्रिमंडळानं पीएम-वाणी मंजूर केली: चहावाला, किराणावाला कुणीही नेट वाटावं, त्याला परवाना नको, नोंदणी नको, फी नको. मग पुढारी आम्हाला देतो काय? जे आमचंच आहे त्यावर स्वतःचा फोटो चिकटवून देतो.

त्या फोटोचंच बघा. त्याच्या डब्याला जोडलं की आधी त्याचं हसरं थोबाड येणार. मग मोबाइल नंबर टाका, तेव्हा नेट सुरू. म्हणजे वस्तीतल्या पोराबाळांचे, बायांचे नंबर त्याच्या माणसाच्या खिशात. नाव आम्हीही लिहून घेतो, नाही असं नाही. घरागणिक वेगळा पासवर्ड देतो, वहीत नोंद ठेवतो. पण ती वही विहारात आहे, तुम्ही मागितली तर तुमच्यासमोर उघडते. त्याची वही कोण उघडणार? आणि फुकटाची चव आपण घेतलेलीच आहे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ फुकट आलं, आख्खा देश नाचला. २०२४ च्या जुलैत कंपन्यांनी मिळून भाव चढवले, तेव्हा नाचायला कुणी नव्हतं.

नोंद का ठेवतो तेही सांगतो. २००८ साली अहमदाबादच्या स्फोटांच्या आधी एक ई-मेल गेली, ती नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या उघड्या वाय-फायवरून. त्याचा हात नव्हता. तो अमेरिकन होता. तीच मेल भीमनगरातून गेली असती तर? कोंबिंग ऑपरेशन म्हणजे काय, ते तुम्हाला मी कशाला सांगू. जर्मनीत बर्लिनच्या पोरांनी वीस-बावीस वर्षांपूर्वी 'फ्रायफुंक' काढलं. तिकडं पब ही गल्लीची चावडीच, तर पबमध्ये, गच्चीवर, चर्चच्या मनोऱ्यावर डबे लावले आणि लोकांना फुकट नेट दिलं. दुसऱ्याच्या गुन्ह्याला डबेवाला जबाबदार, असा तिथंही कायदा होता. ती पोरं त्याच्याशी भांडत राहिली, शेवटी २०१७ साली सरकारला तो बदलावा लागला. २०१५ ला निर्वासित आले तेव्हा छावण्यांत डबे घेऊन हीच पोरं पोचली. ती संघटनेनं आणि चिकाटीनं टिकली. आपण एका पुढाऱ्यापुढं दोन वर्षांत मोडायचं?

आता आपल्या घरातली घाण. तिसरा डबा मातंग वस्तीकडं तोंड करून लावला तेव्हा आपल्यातलेच दोघं-तिघं म्हणाले, "त्यांना कशाला?" लाज वाटली पाहिजे. १९४१ च्या फेब्रुवारीत बाबासाहेब याच जिल्ह्यात कसबे तडवळ्याला आले ते महार-मांग परिषदेला. दोघांना एका मांडवात बसवायला आले. त्या गावापासून आपण किती लांब आहोत? आणि त्यांच्या फोटोखाली बसून आपण पासवर्डची शिवाशिव पाळायची? पुढाऱ्याला हेच पाहिजे आहे. त्याच्या नकाशात डबा एकट्या भीमनगरात आहे, मातंग वस्ती नाही. मी विचारलं तर म्हणाला, "पुढच्या टप्प्यात."

आणखी एक, जे त्याला कधी जमणार नाही. आमच्या विहारातल्या डब्याला पेनड्राइव्ह लावला आहे. त्यात बाबासाहेबांचे खंड आहेत, भरतीच्या जुन्या प्रश्नपत्रिका आहेत, पोरांनी स्वतःच्या आवाजात वाचलेले धडे आहेत. बाहेरची लाइन तुटली तरी वस्तीतल्या वस्तीत हे चालतं. २०२३ च्या जूनमध्ये कोल्हापुरात नेट बंद केलं, ऑक्टोबर संपता संपता शेजारच्या बीडमध्ये केलं. आपल्याकडंही करतील. भांडण कुणाचंही असो, अंधार आपल्याकडं आधी येतो. त्या दिवशी पुढाऱ्याचा डबा त्याचा फोटोसुद्धा दाखवणार नाही.

रविवारी संध्याकाळी सात वाजता विहारात बैठक आहे. पुढाऱ्याचा माणूस येणार आहे, येऊ द्या. बायांनी पुढं बसायचं, कारण ई-केवायसीला ताटकळल्या त्या बाया. मातंग वस्तीला निरोप गेला आहे. मी न्हावाशेवाहून शनिवारी रात्रीच्या गाडीनं निघतो. पोरगी वही वाचून दाखवील: कुणाचे किती आले, कुणाचे राहिले. बॅटरीचे अकराशे रुपये दुकानदाराचे देणं आहेत, त्यातले चारशे जमले आहेत.