सांगणं म्हणजे गळ घालणं नव्हे

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या शेजारच्या एका आपांनी शाबान महिन्यात मेंदीची एक दिवसाची कार्यशाळा ठेवली. मेंदी भिजवायची कशी, कोन बांधायचा कसा आणि हातावरच्या चार सोप्या नक्षी, एवढं शिकवायचं. शिकणाऱ्यांना रमजानभर सराव मिळेल आणि चांदरातीला चार पैसे हाती येतील, असा साधा हिशेब होता. जागा बारा, फी 300 रुपये. आल्या तीन. बाराजणींसाठी भिजवलेली मेंदी फ्रीजरमध्ये गेली. नऊ रिकाम्या जागा म्हणजे 2700 रुपये. त्या पैशांतून मुलीची कॉलेजची पुस्तकं घ्यायची होती.

पुढे चांदरातीला हात रंगवून घ्यायला आलेल्या पाच-सहाजणी म्हणाल्या, "आपा, तुम्ही शिकवतासुद्धा? मग आम्हाला सांगितलं का नाही?"

आम्हीही तेच विचारलं. आपा हळूच म्हणाल्या, "एकदा खानदानच्या ग्रुपवर टाकलं होतं. नात्यातल्याच एकांनी लिहिलं, हा घरचा ग्रुप आहे, दुकान नाही. तेव्हापासून मोबाइल हातात घेतला की लाज वाटते."

भगिनींनो, ही लाज आपल्यातल्या पुष्कळजणींच्या ओळखीची आहे. शिवण, केक, आरीकाम, इंग्रजी संभाषण, हातात हुनर असतो आणि शिकवण्याची हौसही असते. पण "मी शिकवते, या" हे तीन शब्द लिहिताना बोट अडतं. लोक म्हणतील, बाई पैशाच्या मागे लागली.

त्या नातेवाइकांचे शब्द टोचणारे होते, यात शंका नाही. तरी आम्ही आपांना म्हटलं, त्यात एक गोष्ट खरी आहे. तो ग्रुप लग्न, बारसं, आजारपण, मय्यत यांच्या खबरींसाठी काढलेला. तुम्ही जे सांगितलंत ते चुकीचं नव्हतं, जिथं सांगितलंत ती जागा चुकली.

मग जागा कोणती? पहिली, व्हॉट्सॲपचं स्टेटस. ज्याला पाहायचं तो पाहतो आणि 24 तासांत ते आपोआप जातं. कुणाच्या दारात जाऊन कडी वाजवल्यासारखं होत नाही. दुसरी, ब्रॉडकास्ट यादी. तीत 256 जणांपर्यंत नावं घालता येतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच निरोप पोचतो. प्रत्येकीला तो स्वतंत्र मिळतो, एकीचा नंबर दुसरीला दिसत नाही. साध्या ग्रुपमध्ये मात्र सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. म्हणून न विचारता कुणाही भगिनीला ग्रुपमध्ये ओढू नये. "पुढच्या क्लासची खबर पाठवू का?" असं आधी विचारावं. हो म्हणाली तरच नाव यादीत.

घरचा आणि कामाचा नंबर वेगळा ठेवता आला तर उत्तमच. व्हॉट्सॲप बिझनेस हे वेगळं ॲप दुसऱ्या नंबरावर त्याच मोबाइलमध्ये चालतं. त्यात कामाची वेळ लिहिता येते, आणि नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं तयार ठेवता येतात.

दुसरी गोष्ट, मागण्याआधी काहीतरी द्यावं. रोज "जागा भरत आहेत" असं लिहिलं की लोक स्टेटस म्यूट करतात. त्याऐवजी आपांनी यंदा काय केलं पाहा. एके दिवशी लिहिलं: खरी मेंदी काढल्यावर आधी केशरी दिसते, रंग एक-दोन दिवसांत चढतो, तेव्हा ईदच्या सकाळी नव्हे, आदल्या दिवसाच्या आधीच लावा. दुसऱ्या दिवशी लिहिलं: तासाभरात काळा रंग देणाऱ्या 'काळ्या मेंदी'त अनेकदा पीपीडी हे केस रंगवायचं रसायन असतं, त्यानं त्वचेवर फोड येऊ शकतात, मुलांच्या हाताला लावू नका. या दोन ओळींत जाहिरात कुठं आहे? पण वाचणारीला कळलं की हिला विषय कळतो. जी क्लासला येणार नाही, तिचाही फायदा झाला.

तिसरी गोष्ट, सांगायचं तर पूर्ण सांगावं. "फीसाठी मेसेज करा" असं लिहिलं की विचारणारीला वाटतं, आता ही पाठ सोडणार नाही. सगळं एकदाच लिहा:

"रविवारी सकाळी 11 ते 4, माझ्या घरी, मेंदीची कार्यशाळा. फक्त महिलांसाठी. मेंदी भिजवणं, कोन बांधणं, चार नक्षी. फी 300 रुपये, साहित्य त्यातच. जागा 12. यायचं असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा."

फी लिहिताना शरमू नये. साहित्य, वेळ आणि वर्षांचा सराव यांची ती किंमत आहे.

किती वेळा सांगावं? आमच्या मते तीनदा: दोन आठवडे आधी, एक आठवडा आधी आणि दोन दिवस आधी. पहिल्यांदा वाचून विसरलेल्या बऱ्याच असतात, त्यांना आठवण लागतेच. कुणी "जमणार नाही" म्हटलं तर "बरं, पुन्हा कधी" म्हणून विषय संपवावा. कारण विचारू नये. आठ जागा रिकाम्या असताना "फक्त दोन उरल्या" असं तर कधीच लिहू नये. असलं खोटं एकदा उघडं पडलं की पुढचं खरंही कुणी मानत नाही.

फोटोंचंही तसंच. आपला चेहरा दाखवायचा नसेल तर हात आणि नक्षी पुरेशी आहे. शिकायला आलेल्यांचे फोटो, मग ते नुसते हाताचे का असेनात, विचारूनच टाकावेत.

यंदा आपांच्या कार्यशाळेला नऊजणी आल्या. खानदानच्या ग्रुपवर त्यांनी एक अक्षर टाकलं नव्हतं. तरी त्याच नातेवाइकांच्या सूनबाईंनी स्टेटस पाहून विचारलं, "आपा, मला यंदा जमणार नाही. पुढच्या वेळी आधी कळवाल ना?"

आपांनी त्यांचं नाव यादीत लिहून घेतलं.